व्हिडिओ खरा होता

गेल्या चातुर्मासात माझ्या हातून एक गोष्ट घडली. तिला चूक म्हणावं, पाप म्हणावं की नुसता प्रमाद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

पीथमपुरात आमचा बायकांचा स्वाध्यायाचा गट आहे. पंधरा-सोळा जणी. कुणाचे यजमान कारखान्यात, कुणाचं दुकान, दोघी शिक्षिका. निम्म्या घरांत मराठी, निम्म्यांत हिंदी आणि मालवी, त्यामुळे चर्चा म्हणजे तिन्हींची खिचडी. गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईंना आम्ही काकू म्हणतो. वय अडुसष्ट. दशलक्षणातली दहा दिवसांची एकाशनं त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही चुकवलेली नव्हती.

आषाढात त्यांच्या उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. पाठीतून खांद्यापर्यंत जायच्या, रात्री उलट्या. आधी सगळ्यांनी ‘पित्त झालंय’ म्हणून कोकमाचं सरबत पाजलं. शेवटी इंदूरला नेऊन सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी सांगितलं, पित्ताशय काढायला हवं, दुर्बिणीतून होईल. काकूंनी फक्त ‘काढायला हवं’ एवढंच ऐकलं. त्यांच्या सासूबाईंचं हेच ऑपरेशन पूर्वी झालेलं, त्यांच्या पोटावरचा वीतभर व्रण काकूंनी वर्षानुवर्षं तेल लावून चोळला होता. त्या म्हणाल्या, ‘मी नाही पोट फाडून घेणार. जे व्हायचं ते समाधीत होऊ दे.’

आता अशा वेळी आपण काय करतो? मी तेच केलं. मोबाईलवर शोधलं. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा एक व्हिडिओ सापडला. चार मिनिटांचा, मागे मंद बासरी. स्वच्छ गुलाबी पोट, त्यात चकाकणारी अवजारं, रक्ताचा थेंब जवळजवळ नाही. शेवटी एका भांड्यात काढलेले खडे. लाखो लोकांनी पाहिलेला. मी तो काकूंना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघा, चारच मिनिटं! तीन-चार छोटी भोकं. घाबरू नका.’

काकूंनी तो अनेकदा पाहिला. सुनेला दाखवला, शेजारणीला दाखवला. स्वाध्यायाला येऊन म्हणाल्या, ‘आपण बारा भावना म्हणतो त्यातली अशुचि भावना आज डोळ्यांनी पाहिली गं, आत नुसती चरबी!’ आम्ही खूप हसलो. भीती गेली होती. आठ दिवसांनी त्या ऑपरेशनला तयार झाल्या आणि सगळ्यांनी श्रेय मला दिलं. मी ते घेतलंही.

ऑपरेशन दुर्बिणीनेच सुरू झालं. आत मात्र इतकी सूज होती, पित्ताशय आजूबाजूला इतकं चिकटलेलं होतं, की नळ्या ओळखू येईनात. डॉक्टरांनी दुर्बीण बाजूला ठेवली आणि बरगडीखाली छेद घेऊन पित्ताशय काढलं. काकू शुद्धीवर आल्या तेव्हा पोटावर मोठी पट्टी होती. सासूबाईंसारखीच.

त्यांचं पहिलं वाक्य सुनेने मला नंतर सांगितलं. ‘व्हिडिओत तर असं नव्हतं.’

डॉक्टरांनी समजावलं, मुलाला समजलंही. काकूंना नाही. त्यांच्या मनाने घेतलं की यांना जमलं नाही, ऑपरेशन बिघडवलं. टाके दाखवायला जायची तारीख आली, त्या गेल्या नाहीत. ‘ज्याने बिघडवलं त्याच्याकडे परत कशाला?’ जखमेतून पाणी यायला लागलं तरी घरीच हळद लावली. ताप चढल्यावर मुलाने जबरदस्तीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, जखम साफ करावी लागली, दोन आठवडे औषधं चालली. दशलक्षण आलं आणि गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काकू दहा दिवस दूध-भात खाऊन पलंगावर होत्या. माझ्याशी त्या नीट बोलत होत्या. तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. या वेळी काकूंच्या डोळ्यांनी नाही, संशयाने. आणि या ऑपरेशनबद्दल जे वाचता आलं ते वाचलं.

आधी एक गोष्ट लक्षात आली. दुर्बिणीच्या ऑपरेशनात व्हिडिओ ही नंतर जोडलेली गोष्ट नसते. बेंबीजवळच्या छिद्रातून कॅमेरा आत जातो, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते आणि डॉक्टर स्वतःच पोटाकडे न बघता समोरच्या पडद्याकडे बघत हात चालवतात. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९८५ साली जर्मनीत झालं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ते केलं. तेव्हापासून डॉक्टर जे पाहतात ते साठवून ठेवता येतं आणि दुसऱ्यालाही दाखवता येतं. शिकाऊ डॉक्टरांसाठी ही केवढी सोय! पूर्वी उघड्या पोटावर चार जण वाकलेले असायचे, मागच्या विद्यार्थ्याला फक्त पुढच्याची पाठ दिसायची. म्हणजे हे व्हिडिओ मुळात एका जाणत्याने दुसऱ्या शिकणाऱ्याला दाखवण्यासाठी होते. काकूंसाठी नव्हते, आणि माझ्यासाठी तर नव्हतेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या ऑपरेशनात कापण्याचा भाग अवघड नसतो. काय कापतोय याची खात्री करून घेणं अवघड असतं. पित्ताशयाला एक बारीक नळी आणि एक धमनी येते, ती दोन्ही बांधून कापायची. पण अगदी जवळून यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका जाते. सुजेत, चरबीत तीच पित्ताशयाची नळी समजून कापली गेली तर बाईचं पुढचं आयुष्य दवाखान्याच्या वाऱ्यांत जातं. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी एक शिस्त सांगितली. त्या त्रिकोणी जागेतली चरबी आणि तंतू पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून मोकळा करायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच, फक्त दोनच वस्तू दिसतात याची खात्री पटल्याशिवाय काहीही कापायचं नाही. खात्री पटली नाही तर थांबायचं. दुसरा मार्ग धरायचा, गरज पडली तर पोट उघडायचं.

हे वाचलं आणि फोन हातात घेऊन मी कितीतरी वेळ तशीच बसले. काकूंच्या डॉक्टरांनी अगदी हेच केलं होतं. दिसत नव्हतं, म्हणून ते थांबले. काकूंच्या पोटावरचा मोठा छेद त्यांच्या सावधपणाचा होता आणि मी पाठवलेल्या चार मिनिटांनी तोच अपयशाचा दाखला ठरवला.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. ती साफसफाई, ती खात्री करून घेण्याची वेळ, तीच कापून टाकलेली होती. एका क्षणी चरबी, दुसऱ्या क्षणी नळीवर चिमटा. साहजिक आहे. वीस मिनिटं हळूहळू चरबी बाजूला सारणं कोण बघणार? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या काही शल्यचिकित्सकांनी याच ऑपरेशनचे लोकांत सर्वाधिक पाहिले जाणारे व्हिडिओ तपासून लेख लिहिला. बहुतेकांत ही सुरक्षिततेची पायरी समाधानकारक दिसतच नाही, असं त्यांना आढळलं. शिकाऊ डॉक्टरही तेच बघतात, ही त्यांची काळजी होती. डॉक्टरांचीच ही गत, तर आपण कोण?

आता माझा मूळ प्रश्न. मी खोटं बोलले का?

व्हिडिओतलं एकही दृश्य खोटं नव्हतं. ते पित्ताशय खरं होतं, ते खडे खरे होते. कुणाचं तरी ऑपरेशन असं सुरेख झालेलं होतं. श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले आहेत. पाठशाळेत आपण ते घोकतो, पहिला ‘मिथ्योपदेश’. लहानपणी मला वाटायचं, खोटा उपदेश म्हणजे चोरी कर, हिंसा कर असं शिकवणं. आपण कशाला असं कुणाला शिकवतो? म्हणून हा अतिचार मी स्वतःपुरता निकालात काढला होता. आता वाटतं, जे एका ठिकाणी, एका परिस्थितीत खरं, ते सगळीकडे खरं म्हणून सांगणं हाही मिथ्योपदेशच. आपल्या आचार्यांनी विधानाच्या आधी ‘स्यात्’ लावायला शिकवलं. त्याचा अर्थ ‘कदाचित’ नाही, हे स्वाध्यायात आपण शंभरदा ऐकतो. ‘या अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ. त्या व्हिडिओला एक स्यात् हवा होता: सूज नसेल तर, चिकटलेलं नसेल तर, हात सरावाचा असेल तर. बनवणाऱ्याने तो लावला नाही. मीही लावला नाही. उलट त्यावर स्वतःचं एक वाक्य लावलं, ‘चारच मिनिटं.’ ते मात्र खोटंच होतं.

माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘तुझा भाव तर चांगला होता ना?’ भाव चांगला होता, कबूल. पण आपल्याकडे हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते. जीव दुखावला की नाही हे नंतर, आधी विचारतात की तू सावध होतीस का. पाणी गाळताना आपण गाळणं दुहेरी आहे ना, स्वच्छ आहे ना बघतो. जिवाणी परत विहिरीत सोडण्यापर्यंत आपली काळजी जाते. आणि एका आजारी बाईच्या डोक्यात काय ओततोय ते न गाळता पाठवतो. मी तो व्हिडिओ स्वतः एकदा पूर्ण पाहिला होता, तेवढंच. कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, काहीच पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं तर शेवटी एक फोन नंबर आणि ‘अपॉइंटमेंटसाठी संपर्क’. बासरी का होती ते कळलं.

गंमत म्हणजे आम्ही पीथमपुरच्या बायका काही भोळ्या नाही. २०२५च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून इथे जाळायला आणला, तेव्हा गाव बंद झालं. त्या आठवड्यात मोबाईलवर काय काय फिरत होतं! एकीकडून काही धोका नाही, दुसरीकडून सगळं गाव मरणार. तेव्हा याच गटात आम्ही एकेक गोष्ट धरून विचारायचो, हे कोण सांगतंय, त्याला काय ठाऊक, त्याचा काय फायदा. सरकारलाही विचारलं, भडकवणाऱ्यांनाही. मग सहा महिन्यांनी काकूंच्या पोटाची गोष्ट आली तेव्हा ते प्रश्न कुठे गेले? मला वाटतं, धूर सगळ्यांच्या छातीत जाणार होता म्हणून आम्ही सगळ्या जाग्या होतो. इथे कळ एकटीची होती, आणि तिची भीती लवकर गेली तर आम्हालाही बरं वाटणार होतं.

याहून भयंकर गोष्टी घडतात, त्यांच्यापुढे माझी गोष्ट काहीच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात पंधरा वर्षांच्या मुलाचं पित्ताशयाचंच ऑपरेशन एका बोगस डॉक्टराने केलं आणि मुलगा गेला. तो मोबाईलवर व्हिडिओ बघत ऑपरेशन करत होता, असा घरच्यांचा आरोप होता. आणि उलट टोकाला, ऑपरेशन टाळायला लावणारे व्हिडिओ. सफरचंदाचा रस, मग ऑलिव्ह तेल आणि लिंबू, सकाळी हिरवे खडे पडतात, बघा! एका बाईने असे पडलेले ‘खडे’ डॉक्टरांकडे नेले. तपासले तर ते तेल-लिंबाचेच साबणासारखे गोळे निघाले, पित्ताचे खडे पित्ताशयात जागच्या जागी होते. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तो उपाय अजून दर चातुर्मासात येतो. आमच्याकडे आणखी एक कारण सांभाळायला हवं. लांब उपवासात पित्ताशय रिकामं होत नाही, पित्त साचून राहतं, झपाट्याने वजन घटलं की खडे व्हायची शक्यता वाढते. तप करू नये असं मी म्हणत नाही, माझी तेवढी योग्यता नाही. पण मोठं तप करणाऱ्या बाईला आधीपासून खडे असतील तर तिने डॉक्टरांना सांगून करावं, एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

मग काय, हे व्हिडिओ बघूच नयेत? घरातल्या एका काकांचं हेच मत. ‘बायकांना कशाला हवंय हे सगळं, डॉक्टर बघून घेतील.’ हे मला मान्य नाही, मुळीच नाही. डॉक्टर बघून घेतील, नवरा सही करेल, आई हो म्हणेल, यातून बायकांच्या शरीरांचं काय झालं ते आपण जाणतो. दिल्लीतल्या एका बाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिने फक्त दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलेत असताना बाहेर तिच्या आईची संमती घेतली आणि तिची गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकले. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, जीवावरची तातडी नसेल तर शहाण्यासवरत्या बाईच्या शरीराला तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही. आणि संमती म्हणजे नुसता अंगठा नाही. उपचार काय, कशासाठी, दुसरे मार्ग कोणते, मोठे धोके कोणते, आणि नको म्हटलं तर काय होईल, हे तिला समजेल असं सांगायला हवं.

हा निकाल वाचताना माझ्या मनात आलं, व्हिडिओ पारखायलाही हीच फुटपट्टी धरावी. मी काकूंना पाठवलेल्या व्हिडिओत ‘उपचार काय’ होतं, तेही अर्धं. दुसरे मार्ग नव्हते, धोके नव्हते, नको म्हटलं तर काय हे नव्हतं. पोट उघडावं लागू शकतं, हे एक वाक्य असतं तरी काकूंची श्रावणातली रात्र वेगळी गेली असती. ते वाक्य डॉक्टरांनी त्यांना आधी सांगितलं होतं, संमतीच्या कागदावरही होतं. सून म्हणाली, ‘सांगितलं होतं हो, पण आईंनी मान डोलावली. त्यांनी तर सगळं पाहिलेलंच होतं ना.’ म्हणजे माझ्या व्हिडिओने त्यांचे कान बंद केले होते.

आणखी एक बोच आहे, ती काकूंची नाही. त्या व्हिडिओत जिचं पोट होतं ती कोण? बाई की पुरुष, तेही ठाऊक नाही. तिला विचारलं असेल का, की तुझं आतलं शरीर लाखो लोक बासरीच्या सुरात बघतील? सत्यव्रताच्या त्याच अतिचारांत ‘रहोभ्याख्यान’ आहे, एकांतातली गोष्ट चारचौघांत उघड करणं. भूल दिलेल्या माणसाहून अधिक एकांत कुठला? ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी नवे आचारनियम काढले. त्यांत समाजमाध्यमांवर बऱ्या झालेल्या रुग्णांचे फोटो किंवा छाप पाडणारे ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नयेत, असं स्पष्ट म्हटलं होतं. लाइक विकत घेऊ नयेत, असंही होतं. तीन आठवड्यांच्या आत ते सगळे नियम स्थगित झाले. स्थगितीची कारणं दुसरी होती, औषधांच्या नावांवरून वाद होता, पण हेही त्याबरोबर बाजूला पडलं. तोवर डॉक्टरांचा संयम आणि आपला अंगठा, एवढंच राहतं.

क्षमावाणीच्या दिवशी मी काकूंकडे गेले. मंदिरातलं सामूहिक ‘उत्तम क्षमा’ झालं होतं, पण तिथे आपण सगळ्यांना एकाच ओंजळीत धरून म्हणतो, नेमकं कशाबद्दल ते कुणीच बोलत नाही. मी नेमकं सांगितलं. व्हिडिओ पाठवला, तपासला नाही, चार मिनिटं लिहिलं. डॉक्टर का थांबले तेही सांगितलं, कागदावर पित्ताशय आणि दोन नळ्या काढून. चित्र वाईट आलं, नळ्या दोडक्यासारख्या दिसत होत्या. काकू बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

‘म्हणजे त्याला दिसत नव्हतं म्हणून त्याने कापलं नाही.’

‘हो.’

‘आणि मी त्याला टाके दाखवायलाही गेले नाही.’

मी काही बोलले नाही. त्यांनी सुनेला हाक मारून विचारलं, इंदूरच्या त्या डॉक्टरांचा दवाखाना कोणत्या दिवशी उघडा असतो. मग उशाखालचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. मोतीबिंदूचा व्हिडिओ होता, धाकट्या बहिणीने देवासहून पाठवलेला. तिचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं.

‘हा लाव,’ काकू म्हणाल्या, ‘पण आधी शेवट दाखव. फोन नंबर आहे का बघू.’